घटस्थापनेपर्यंत फॉर्म मिळणार नाही

एक वाजला तरी कावळा पानाला शिवेना.

दहिसरच्या त्या इमारतीच्या गच्चीवर चार माणसं उन्हात हात जोडून उभी होती. पाण्याच्या टाकीवर कावळे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे बसले होते. बघत होते, हलत नव्हते. पानात वडे होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, भोपळ्याची भाजी होती, खीर होती. गेलेल्या राजारामांना आवडायचं ते सगळं होतं.

त्यांच्या सुनेचं, स्वरदाचं, लक्ष मात्र पानात नव्हतं, घड्याळात होतं. पाच वाजता अंधेरीच्या कॉलेजची खिडकी बंद होणार होती. तिचा फॉर्म खाली सासूच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला.

फॉर्म म्हणजे तिच्या एम.एस्सी.चा दोन वर्षांचा आराखडा. विषय आहारशास्त्र. (ते शिकायला अंधेरीला कशाला जायचं, माझा ओटा काय कमी आहे, हे सासूबाईंचं मत.) चार सेमिस्टर, अठ्ठ्याऐंशी क्रेडिट. सक्तीचे पेपर कुठले, ऐच्छिक कुठले, प्रकल्प कधी, सगळं आधी लिहून द्यायचं. तीन आठवडे पोर त्यात बुडाली होती. बुधवारचा पेपर धरला की शुक्रवारचा सुटायचा, शुक्रवारचा धरला की दोन क्रेडिट कमी पडायचे. शेवटी जमलं एकदाचं. तिच्या मार्गदर्शक शर्मिष्ठा मॅडमनी सही केली आणि त्या नागपूरला निघून गेल्या. आता दुसरा कागद करावा, तर सही कुठून आणायची? आजची तारीख शेवटची. चुकली की वर्ष पाण्यात.

पण कागद घरात आला तो नेमका पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी. सासूबाईंनी, विमलाबाईंनी, तो उचलला, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली.

"पितरांच्या पंधरवड्यात नवीन काही करायचं नाही. घटस्थापनेला देते."

"आई, तोवर तारीख जाईल."

"तारखा माणसांनी केल्यात. तिथ्या देवानं."

चौथी शिकलेल्या बाईपुढं सुनेची पदवी कामाला येईना. त्यात आणखी एक गाठ होती. गेल्या वर्षी याच पंधरवड्यात विमलाबाईंच्या नणंदेनं, मुलुंडच्या रुक्मिणीनं, नवा फ्रिज घेतला होता. विमलाबाईंनी तिचे पेढे दारातून परत पाठवले आणि अख्ख्या भावकीत डांगोरा पिटला. तीच रुक्मिणी श्राद्धाला म्हणून दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. अंथरूणही तिनं बरोब्बर त्या कपाटासमोर घातलं होतं. वहिनीचा पाय कुठं घसरतो, ते तिला बघायचं होतं.

"वयनी, दादाची कायतरी इच्छा राहिली गो," रुक्मिणी म्हणाली. कावळा अडला की गेलेल्याला शब्द द्यायचा, ही रीत. तिनंच सुरुवात केली. "दादा, गावच्या घराचं छप्पर घालू रे!"

कावळे ढिम्म.

मग स्वरदाचा नवरा देवेश खाकरला. स्वतःच्या पायांकडं बघत म्हणाला, "बाबा, गुटखा सोडतो."

"तू गुटखा खातोस?" विमलाबाई गरजल्या.

कावळ्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. त्यांचा विश्वास बसला नसावा.

दीड वाजला. वडे गार झाले. स्वरदानं पुन्हा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात विमलाबाईंनी पदर खोचला आणि पुढं झाल्या.

"अहो!" त्यांनी नवऱ्याला अशी हाक मारली, की खालच्या मजल्यावरचे जिवंत नवरेही दचकले असतील. "कळलं मला काय अडलंय तुमचं. सुनेचा फॉर्म ना? आजच्या आज भरते. आता तरी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत दहिसर नदीच्या बाजूनं एक कावळा आला. थेट पानावर उतरला, वडा उचलला आणि गेला.

रुक्मिणीचा आ वासलेला तसाच राहिला. मग तिनं पानाला वाकून नमस्कार केला. खुद्द भावाचीच इच्छा, नावं कुणाला ठेवणार? विमलाबाईंनी वळून टाकीवरच्या कावळ्यांकडं पाहिलं. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली.

पावणेपाचला खिडकीतल्या माणसानं फॉर्मवर शिक्का मारला. मेट्रोत कागद चुरगळशील म्हणत सासूही सोबत आली होती. बाहेर कट्ट्यावर बसून दोघींनी डबा उघडला. स्वरदाचे डोळे भरून आले.

"आई, बाबांना माझ्या शिकण्याची एवढी ओढ होती?"

"त्यांना? तिसरीत तीनदा बसलेला माणूस तो." विमलाबाईंनी उगाच मागं वळून पाहिलं, जणू नणंद तिथंही टपली असेल. "काल मोरीत नळ सोडून रडत होतीस ना, ऐकलं मी. तेव्हा कळलं, तुझं खरंच वर्ष जाणार. पण म्हणून वन्संसमोर मी माघार घेऊ? मेल्यावरसुद्धा ऐकवलं असतं तिनं. म्हणून आज पहाटे गच्चीवर गेले आणि होते तेवढ्या कावळ्यांना भाकऱ्या घातल्या. अगदी गळ्यापर्यंत. म्हटलं, दुपारी एकही हलायचा नाही. मग ह्यांच्या नावानं फॉर्मचा शब्द द्यायचा, दर्भाचा कावळा करून पानाला लावायचा, की सुटलो."

स्वरदाला हसू आवरेना. हसता हसता ती थांबली.

"मग तो आला, तो?"

विमलाबाईंनी हातातला वडा पुन्हा डब्यात ठेवला.

"पहाटे सात जेवले. दुपारी टाकीवर सातच बसले होते, मी मोजले," त्या हळूच म्हणाल्या. "हा कोण आला, ते मला ठाऊक नाही."