अर्धी मिशी

"सुंदरावैनीच्या पाखरी शिंगरानं जत्रेपत्तुर कुणाचा हात अंगाला लावून घेतला, तर अर्धी मिशी काढीन, शेठ! पारावर. सगळ्यांदेखत."

दादाभाऊंनी मिशीला पीळ भरला. दुकानापुढची मंडळी फिसकन हसली.

"अन् मी हरलो, तर ह्याच पायरीवर उभा ऱ्हाऊन गाढवावाणी वरडीन," शांतीलालशेठ म्हणाले.

"ते तर तुमी तेलाचा भाव सांगताना रोजच करता की, राव."

हसून हसून मंडळींची पोटं दुखली. तेल घ्यायला आलेली सुंदरा मात्र रिकामी बाटली घेऊन तशीच माघारी फिरली.

दादाभाऊ म्हणजे गावाचा अर्क. नवरदेवाच्या बुटात खाजकुयली भरणारा माणूस. सुंदराच्या नवऱ्याचा, बिरदेवाचा, लंगोटीयार. पण बिरदेव गेल्यापासून दादाभाऊंनी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. रस्त्यावरूनच काय ती थट्टा.

बिरदेव बैलगाडा शर्यतीच्या घाटात घोडी धरायचा. बैल सुटले की त्यांच्या पुढं घोडी पळवायची, मग तिच्यामागं बैल जीव तोडून धावतात. गेल्या जत्रेत घोडीच्या पायाशी कुणाच्या तरी फटाक्याचा बार उडाला. घोडी बुजून आडवी झाली आणि मागचे बैल दोघांवरून गेले. फटाका कुणाचा, ते कळलंच नाही. जत्रेत फटाक्यांना काय तोटा?

पाखरी त्या घोडीचीच पोर. चिंचेला बांधलेली होती, तिनं सगळं पाहिलं. तेव्हापासून दहा हातांच्या आत माणूस आला की ही दोन पायांवर उभी.

धाकटा दीर म्हणाला होता, "वैनी, जत्रेपत्तुर हाताखाली आली तर ठिवू. नाय तर आणे गावचं पावणं तिला इकत घेऊन जात्याल."

बिरदेवाच्या मागं तिच्याकडं तेवढंच उरलं होतं.

सुंदरा रोज पहाट फुटताना भरड्याचं घमेलं ठेवायची आणि पाखरीकडं पाठ करून बसायची. जनावराच्या डोळ्यात आपण बघू नये, त्याला आपल्याकडं बघू द्यावं, असं बिरदेव म्हणायचा. घमेलं रोज वीतभर जवळ सरकायचं. पाखरी काही सरकायची नाही.

नवव्या दिवशी गोठ्यामागच्या मक्यातून शीळ आली. दोन तुटक, एक लांब.

बिरदेवाची शीळ.

पाखरीचे कान ताठ झाले. पण ती बुजली नाही. मान खाली घालून भरडा खाऊ लागली.

सुंदरा उठली नाही. उठून पाहिलं आणि मक्यात कुणीच नसलं तर? आणि कुणी असलं तर?

मग शीळ रोजच येऊ लागली. हळूहळू सुंदरा मक्याकडं बघत बोलायला लागली. "त्या दिशी कालवणात मीठ जास्ती झालं म्हणून भांडून गेलासा. मी आडवलं बी न्हाई." शीळ ऐकून घ्यायची. पाखरी जवळ सरकायची.

एकदा तिला राहवलं नाही. "धनी, फटाका कुणाचा व्हता, तेवढं सांगा की."

शीळ मधेच तुटली.

चार दिवस आली नाही. पाखरी पुन्हा भिंतीला चिकटली. पाचव्या दिवशी शीळ आली, पण कापरी, थंडीत कुडकुडल्यासारखी. सुंदरानं ते पुन्हा कधी विचारलं नाही. मेलेल्या माणसालाही काही गोष्टी सोसवत नसतील.

रस्त्यावरून दादाभाऊंची हाक यायचीच. "काय वैनी, पाखरी बशीतनं च्या पिती का न्हाई?"

"भावजी, वस्तऱ्याला धार लावून ठेवा!"

"लावलीया! पर लागायची न्हाई!"

जत्रेला आठ दिवस उरले असताना सुंदराच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. तिनं न वळता हात मागं नेला. हाताला मऊ नाक लागलं. मक्यातली शीळ थांबली आणि कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं. वारा असेल.

जत्रेच्या दिवशी सुंदरानं पाखरीला पारावर आणलं. हलगी कडाडत होती. तिनं पाखरीच्या मानेवर हात ठेवला. पाखरी उभी. शेठनं भीत भीत एक बोट लावलं. तरी उभी.

"ऱ्हाऊ दे आपल्याच दावणीला," दीर म्हणाला. सुंदराचे डोळे भरून आले.

"मिशी! मिशी!" शेठ नाचायलाच लागले.

सोपान न्हाव्यानं खुर्ची मांडली. दादाभाऊंच्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलं. लोकांनी मोबाईल वर धरले. एवढ्यात पाखरीनं हिसका दिला, सुंदराच्या हातून दोर सुटला. गर्दी पांगली. पाखरी सरळ खुर्चीपाशी गेली आणि दादाभाऊंच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली. रोजची ओळख असल्यासारखी.

"आरं, हिनं तर पार्टी बदलली!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

सुंदरा हसली नाही. ती दादाभाऊंच्या ओठांकडं बघत राहिली.

सोपाननं वस्तरा उचलला. "कुठली अर्धी काढू, भाऊ? डावी का उजवी?"

दादाभाऊंनी सुंदराकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"सगळी काढ, सोपान. अन् डोस्कं बी. वरीस झालं, बिरदेवाचं सुतक फेडायचं ऱ्हायलंय. फटाका म्या लावला व्हता... गंमत म्हणून."