स्वतःच्या तोंडाने

बालमृत्यू नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई नव्या रकान्याला पार वैतागल्या होत्या. मूल स्वतःला मुलगा मानायचं, मुलगी की आणखी काही, असं विचारलं की आईबाप अंगावर धावून यायचे. त्यात नियम असा, की आईबापांना काय वाटतं ते नाही, मूल स्वतः काय म्हणायचं तेच लिहायचं.

आजचा बापही भडकलाच. जिन्यावरून पडून दगावलेल्या सोळा वर्षांच्या पोराची नोंद करायला बायकोला घेऊन आला होता. त्याने काचेवर मूठ आपटली. "मुलगा! असले फाजील प्रश्न विचारायला लाज नाही वाटत?"

"दादा, माझ्यावर कशाला डाफरता? वरून हुकूम आलाय, मी विचारते. तो स्वतः तसं म्हणायचा?"

"म्हणायचा काय, म्हणाला! मी मुलगा आहे, असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला. हिच्यादेखत. विचारा हिला."

बाईंना हायसं वाटलं. साक्षीदार असला की प्रश्न मिटला. त्यांनी रकान्यावर पेन टेकवलं आणि सवयीने विचारलं, "कधी म्हणाला?"

बापाने सुजलेली मूठ हळूच काचेवरून खाली घेतली.

मागे उभी असलेली आई पहिल्यांदाच बोलली.

"पट्टा तुटला तरी म्हणाली नाही. दात पडले तरी नाही. जिन्याच्या तोंडाशी केसांना धरून उभी केली, तेव्हा म्हणाली. तरी ढकललंच यांनी."