साठच्या पुढे

लेक बापाच्या गॅरेजमध्ये शिरली ती पांढरीफटक पडूनच. "बाबा, ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी साठवरच अडकली. कितीही रेस दिली तरी पळेना. समोरून बस आली हो! थोडक्यात वाचले."

बापाने मोटारसायकलची सीट काढली. तिच्याखालची काळी डबी, इंजिनाचा मेंदूच तो, त्यानेच गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगच्या नावाखाली बदलली होती. लेक गाडी फार दामटते, या धास्तीने साठची मर्यादा घालून. त्याने ती उपटली आणि जुनी डबी परत बसवली.

"काय बिघडलं होतं हिच्यात?"

"बिघडलं काही नव्हतं गं," त्याने नजर चुकवली. "फार भित्री निघाली."