वगळलेलं जेवण

"...आणि बहिणीने दार उघडलं," तिने वाचलं, हलकेच चार पानं एकदम उलटली आणि पुढे गेली, "सकाळी तो उठला तेव्हा घरात कोणी नव्हतं."

खाटेवरच्या नवऱ्याने पाटीवर खडू आपटला.

घशाच्या ऑपरेशननंतर दीड महिना त्याचं बोलणं नातीच्या पाटीवर चाललं होतं. जेवण म्हणजे नाकातल्या नळीतून दिवसातून सहा वेळा जाणारं पातळ, पांढरं काहीतरी.

'मधलं जेवण कुठे गेलं?' त्याने लिहिलं.

"कुठलं जेवण? इथे नाहीये बाई काही."

'पान ११२ ते ११५. तीनदा प्रुफं तपासलीत मी.'

तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला ती फसवायला निघाली होती! आठवडाभर कादंबऱ्यांतली सगळी जेवणं तिने अशीच गाळली होती. लग्नातली, सहलीतली, अगदी एका म्हातारीने खिशात लपवलेलं सफरचंदसुद्धा.

"तुम्हाला त्रास नको म्हणून हो."

त्याने पाटी पुसली. 'वाच.'

तिने वाचलं. तुरुंगातून सुटून आलेला भाऊ, चुलीपाशी बहीण, तव्यावर चरचरणारा मासा, त्याची कुरकुरीत झालेली कड. पावाचा तुकडा, वाफाळता रस्सा, शेवटी बोटाने पुसून घेतलेला वाडगा. नवऱ्याने डोळे मिटले होते. जबडा अगदी सावकाश हलत होता. तिने जरा घाई केली की त्याचं बोट वर होई.

'रस्सा पुन्हा.'

तिने रस्सा पुन्हा वाचला. मग पुस्तक मिटलं.

'तू काय जेवलीस?'

"मी? कुठे काय. भूकच नव्हती."

त्याने तिच्या हनुवटीकडे बोट दाखवलं. तिने हात लावून पाहिला. अंड्याचा पिवळा बलक, वाळलेला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उकडलेलं अंडं," ती म्हणाली. "आणि कालचा पाव. ओट्यापाशी, उभ्यानंच. दार लावून घेते मी. नळही सोडून ठेवते, बशीचा आवाज तुमच्यापर्यंत यायला नको म्हणून. तुम्ही इथे असे पडलेले, आणि मी तिकडे चोरासारखी गिळतेय. रोज. लाज वाटते हो मला."

खडू करकरला. 'मीठ?'

"काय मीठ?"

'अंड्यावर.'

"नाही. घाईत होते."

'मिरपूड?'

"नाही म्हटलं ना! कसली मिरपूड घेऊन बसलात? मी काय सांगतेय, तुम्ही काय विचारताय!"

रद्दी मजकूर हातात आल्यावर हलवायचा तशी त्याने मान हलवली. लिहायला या वेळी बराच वेळ घेतला.

'इतकं भिकार जेवण एकाही पुस्तकात वाचलं नाही.'

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. तोवर त्याने पाटी उलटी करून मागच्या बाजूला लिहिलं होतं.

'उद्या दार उघडं ठेव. कांदा चांगला परत. बसून जेव. मला पहिल्या घासापासून ऐकायचंय.'