पडद्यावरचे दोन हात

"मूठ वळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटीची मूठ अर्ध्यावरच अडली. बोटं सुजून गाजरासारखी झाली होती.

"पराचा कावळा करायची हिची जुनी खोड आहे," थोरली खुर्चीतून म्हणाली. बेकरी दोघी बहिणींची. पण हल्ली पीठ थोरली एकटीच मळत होती आणि धाकटी गल्ल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. निदान थोरलीचं म्हणणं तसं होतं. खरं काय ते स्वतःच्या कानांनी ऐकायला ती आज मुद्दाम सोबत आली होती.

"सकाळी बोटं उघडतच नाहीत गं, ताई."

"सकाळी कुणाची उघडतात? भट्टीपाशी जरा शेकली, चार गोळे मळले, की सुटतात. मी सांगत सुटते का?"

धाकटीला तपासणीच्या निकालाचीच धास्ती होती.

रक्ताच्या तपासणीत काही उलगडलं नव्हतं. शक्यता दोन आजारांची होती, आणि वरून बघाल तर दोन्ही जुळे भाऊ. एकात सूज सांध्याच्या बाहेरच राहते. गोळ्या घेतल्या की हात परत कामाला लागतो. दुसरा सांध्याच्या आत शिरून हाड कुरतडतो. त्यालाही औषध आहे, पण पीठ मळणं सुटलंच म्हणायचं.

डॉक्टरीणबाईंची एक पद्धत होती. दुखऱ्या हाताबरोबर घरातल्या धडधाकट माणसाचाही हात तपासायचा. दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली, की फरक नजरेत भरतो.

"तुमचाही हात द्या जरा."

"घ्या की. राबणारा हात कसा असतो ते हिलाही कळू दे."

गार जेल लावून सोनोग्राफीचा दांडा आधी एकीच्या, मग दुसरीच्या बोटांवरून फिरला. डॉक्टरीणबाईंनी दोघींचे हात पुन्हा एकदा तपासले. मग पडदा दोघींकडे वळवला. एका चित्रात सांध्याच्या आत लाल ठिपके पेटले होते आणि हाडाच्या कडेला खाच पडली होती.

"हे काय?" थोरलीने बोट दाखवलं.

"हाड कुरतडलंय. बरेच दिवस चाललेलं दिसतंय."

थोरलीचा चेहरा उतरला. तिला स्वतःची लाज वाटली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. "नाही नाही ते बोलले तुला. आता पिठाला हात लावायचा नाही. तू गल्ल्यावर बसून खुशाल हुकूम सोड. मळायला मी आहे ना."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीच्या बोटांवरचं जेल पुसलं. हात मात्र सोडला नाही.

"त्यांची सूज बाहेरच आहे. महिन्याभरात त्या मळायला लागतील," त्या म्हणाल्या. "हे चित्र तुमच्या हाताचं आहे."