मोकळं चाक

नवरा फ्रेडरिक वारल्यावर त्याच्या जुन्या अमेरिकन गाडीचं जड स्टिअरिंग मटिल्डाला झेपेना, म्हणून तिने अल खौदच्या गॅरेजमध्ये पॉवर स्टिअरिंग बसवून घेतलं.

"खलास मॅडम, झालं काम, आता एका बोटाने फिरवा," मेकॅनिक दयानंद म्हणाला.

चाक खरंच एका बोटाने फिरलं. तिला उगाच रडू आलं. ती चालवायला बसली की प्रत्येक राउंडअबाउटला फ्रेडरिक शेजारून चाकाला हात लावायचा आणि ती चिडायची.

"पण हे जुनं बघा," दयानंदने टेबलाकडे बोट दाखवलं. काढलेलं स्टिअरिंग चाकासकट तिथे पकडीत उभं आवळलेलं होतं. "कशालाच जोडलेलं नाही. उघडून पाहिलं, आत काही अडकलेलं नाही. तरी जड."

मटिल्डाने ते चाक डावीकडे वळवलं. थोडं फिरलं आणि थांबलं. उजव्या कडेला कुणीतरी धरल्यासारखं ते हळूच मागे ओढलं गेलं.

सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "सोड ना रे!"

चाक एकदम सैल झालं.

"नको, फ्रेडी, धर!" तिने दोन्ही हातांनी ते पुन्हा वळवलं. "धर ना!"

चाक एका बोटाने फिरेल इतकं हलकंच राहिलं.