नाव बदलते तेव्हा

सकाळचे ऊन दूर दक्षिणेतल्या वेलचेरीतल्या त्या तमिळ मुलांच्या शाळेच्या खिडकीशी जरा रेंगाळले, मग बंद संगणकांच्या काळ्या पडद्यांवरून सावकाश ओघळत शेवटच्या बाकापर्यंत पोचले. गंधार ते पाहत राहिला. पुण्यात देविका आपल्यासाठी थांबली आहे, असे तो रोज या वेळी स्वतःला सांगत असे. मग तो नववीच्या मुलांकडे वळला.

“डेटाबेसमध्ये माणसाची ओळख नावावर ठेवू नका. नाव बदलते, दिलेला क्रमांक बदलत नाही.”

“माझं कसं बदलेल, सर?” कार्तिकेय म्हणाला. “आडनाव नाहीच, नावाआधी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर आहे.”

“अय्यो, तुझं नाही रे! आम्हा मुलींचं बदलतं,” श्रीविद्या म्हणाली. “लग्नानंतर नवऱ्याचं अक्षर. तुमच्या मराठीत काय करतात, सर?”

“मधले नाव आणि आडनाव, दोन्ही बदलतात.”

“लिहून दाखवा ना!”

त्याने फळ्यावर लिहिले: क्रमांक एक, देविका अनंत दाबके. मुले पुढच्या ओळीसाठी ताटकळली. त्याचा हात बराच वेळ फळ्यावरच टेकून राहिला.



मग क्रमांक तोच ठेवून त्याने खाली लिहिले, देविका निखिल आगाशे. गेल्या वैशाखात तिचे लग्न झाले होते.